पाळी जाताना एचआरटी: गोळी, पॅच की जेल, आणि त्रास झाला तर काय

आधीच सांगते, मी डॉक्टर नाहीये. तीन वर्षं एचआरटी, म्हणजे पाळी जाताना शरीरात कमी होणारे हार्मोन औषधातून, घेतेय, त्यात दोनदा प्रकार बदलला, एकदा वैतागून सगळंच बंद करून पाहिलं आणि पंधरा दिवसांत गुपचूप परत सुरू केलं, त्या सगळ्यातून जे कळलं ते लिहितेय. ठरवायचं डॉक्टरांशी बोलूनच, पण आत गेल्यावर दहा मिनिटं मिळतात आणि त्यात "हो ना, झोप लागत नाही, गरम होतं, चिडचिड होते" एवढंच बोलून चिठ्ठी घेऊन बाहेर यायचं नसेल तर घरून थोडी तयारी करून गेलेलं बरं.

सगळ्यात मोठा घोळ कुठे होतो सांगू का, आपण एचआरटी म्हणजे एकच औषध समजतो. कोणीतरी म्हणतं त्याने कॅन्सर होतो, कोणी म्हणतं मी पाच वर्षं घेतली मला काही झालं नाही, पण कुठली घेतली, गोळी की पॅच, सोबत प्रोजेस्टेरॉन होतं का, कितव्या वर्षी सुरू केली, हे कोणी विचारतच नाही. आणि खरा फरक तर तिथेच आहे. म्हणून मी हे चार प्रश्नांत बसवलंय, ते याच क्रमाने विचारायचे, कारण पहिल्याचं उत्तर आलं की पुढचे अर्धे पर्याय आपोआप गळतात.

पहिला प्रश्न, गर्भपिशवी आहे की काढलीय? वाफा (अंगातून अचानक येणाऱ्या गरम झळा), रात्रीचा घाम, कोरडेपणा, हाडं, या सगळ्यावर मुख्य काम करतं ते इस्ट्रोजेन. पण एकटं इस्ट्रोजेन गर्भपिशवीचं अस्तर वाढवत राहतं, आणि वाढतच राहिलं तर पुढे त्याचा कॅन्सर होऊ शकतो. हे १९७५ च्या सुमारास अमेरिकेत लक्षात आलं, तोपर्यंत बायकांना बिनदिक्कत नुसतं इस्ट्रोजेन देत होते. म्हणून पिशवी असेल तर सोबत प्रोजेस्टेरॉन लागतंच, ते अस्तराला आवर घालायला. ज्यांची पिशवी काढलेली आहे त्यांना बहुतेक वेळा नुसतं इस्ट्रोजेन पुरतं (एंडोमेट्रिओसिस, म्हणजे अस्तरासारखा थर पिशवीबाहेर वाढण्याचा आजार असेल तर वेगळा विचार करतात). माझ्या एका मैत्रिणीला प्रोजेस्टेरॉनच्या गोळीने सुस्ती यायची म्हणून तिने ती परस्पर सोडली आणि पॅच मात्र चालू ठेवला. असं अजिबात करू नका. सोडायचंच असेल तर दोन्ही थांबवा आणि डॉक्टरांना फोन करा, पण फक्त प्रोजेस्टेरॉन सोडून इस्ट्रोजेन चालू ठेवायचं नाही.

दुसरा प्रश्न, शेवटची पाळी कधी आली होती? मला हा प्रश्न नीट विचारलाच गेला नाही आणि त्याचा भुर्दंड मी भरला. पाळी अजून अधूनमधून येत असेल किंवा जाऊन वर्ष झालं नसेल तर साधारणपणे सायकल पद्धतीने देतात, म्हणजे इस्ट्रोजेन रोज आणि प्रोजेस्टेरॉन महिन्यातून १२ ते १४ दिवस, ते संपलं की पाळीसारखं ब्लीडिंग होतं. वर्ष उलटून गेलं असेल तर दोन्ही रोज, मग ब्लीडिंग हळूहळू थांबतं. माझी पाळी जाऊन जेमतेम सात महिने झाले होते आणि मला थेट रोजचं कॉम्बिनेशन लिहून दिलं, कारण मी फॉर्मवर "पाळी बंद" असं लिहिलं होतं. पुढचे चार महिने कधीही स्पॉटिंग, पर्समधे कायम पॅड, पांढरी सलवार कपाटात गेली ती गेलीच. सोनोग्राफी झाली, त्यात काही निघालं नाही, मग दुसऱ्या डॉक्टरांनी कॅलेंडर मागितलं आणि पद्धत बदलून दिली. तेव्हा तारीख लिहून न्या. "बंद झाली" असं नाही, तारीख.

आणि हो, एचआरटी म्हणजे गर्भनिरोधक नाही. पन्नाशीनंतर शेवटच्या पाळीपासून १ वर्ष आणि पन्नाशीच्या आत असाल तर २ वर्षं काळजी घ्यायला सांगतात. "आता या वयात काय" असं म्हणून सोडून देऊ नका.

तिसरा प्रश्न म्हणजे इस्ट्रोजेन शरीरात कुठून घालायचं, तोंडातून की कातडीतून. मला विचाराल तर सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. गोळी घेतली की ते आतड्यातून आधी लिव्हरमधे जातं, आणि तिथे लिव्हर रक्त गोठवणारे घटक जरा जास्त बनवायला लागतं. त्यामुळे पायात किंवा फुफ्फुसात गुठळी होण्याचा धोका थोडा वाढतो. पॅच, जेल, स्प्रे यातलं इस्ट्रोजेन कातडीतून सरळ रक्तात जातं, आधी लिव्हरमधून जात नाही. फ्रान्समधे एस्थर नावाचा अभ्यास झाला, २००७ मधे आलेल्या त्याच्या आकड्यांत गोळी घेणाऱ्या बायकांमधे गुठळीचं प्रमाण न घेणाऱ्यांपेक्षा चौपटीच्या आसपास दिसलं आणि कातडीतून घेणाऱ्यांमधे वाढ दिसली नाही. चौपट ऐकून घाबरू नका, मुळात या वयात गुठळी क्वचितच होते, त्या क्वचितचं चौपट. पण ज्यांचं वजन जास्त आहे, सिगरेट आहे, बीपी आहे, घरात कोणाला गुठळी झालेली आहे, मायग्रेन आहे (विशेषतः डोळ्यांसमोर चमकणारं, वेडंवाकडं दिसणारं), ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) वाढलेले आहेत किंवा पित्ताशयाचा त्रास आहे, त्यांनी डॉक्टरांना स्पष्ट विचारायचं की मला कातडीतून मिळेल का. थायरॉइडची गोळी चालू असेल तर अजून एक, इस्ट्रोजेनची गोळी सुरू केली की थायरॉक्सिनचा डोस कमी पडू शकतो, म्हणून दीड-दोन महिन्यांनी टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) करून घ्या. पॅच-जेलला सहसा ही भानगड नसते.

मग गोळी वाईटच का, तर नाही. तब्येत ठणठणीत आहे, वय पन्नाशीच्या आसपास, दात घासताना एक गोळी घेतली की विषय संपला असं हवंय, तर गोळी उत्तम. काहींना पॅचने पुरळ येतं, काहींच्या अंगात जेल नीट मुरतच नाही.

पॅच बहुतेक आठवड्यातून दोनदा बदलायचा असतो, काही आठवड्याला एक असे पण असतात. कमरेखाली लावायचा, कुल्ल्यावर किंवा ओटीपोटाच्या बाजूला, छातीवर कधीच नाही. जिथे पँटची किंवा परकराची पट्टी घासते तिथे लावलात तर संध्याकाळपर्यंत कडेने सुटायला लागतो. आदल्या रात्री तेल किंवा लोशन लावलं असेल तर चिकटतच नाही. लावल्यावर तळहाताने दहा-पंधरा सेकंद दाबून धरायचा, हाताच्या उबेने डिंक बसतो. काढल्यावर चौकटीसारखा काळपट चिकट डाग राहतो, त्यावर कपड्यांचे धागे बसतात, साबणाने तो जात नाही, थोडं तेल चोळून पुसलं की लगेच निघतो, हे मला दोन महिने कोणी सांगितलं नव्हतं आणि मी कमरेवर चार-पाच चौकटी घेऊन फिरत होते. प्रत्येक वेळी जागा बदला, नाहीतर खाज सुटते.

जेलमधे डोस कमीजास्त करणं सोपं, एक पंप दोन पंप असं. दंडावर किंवा मांडीवर पातळ थर पसरायचा, रगडत बसायचं नाही, आणि वाळेपर्यंत थांबायचं. सकाळच्या घाईत पाच मिनिटं बाह्या वर करून उभं राहणं माझ्याच्याने होईना म्हणून मी रात्रीवर नेलं. लगेच आंघोळ नाही, लगेच लोशन नाही, हात साबणाने धुवायचे, आणि त्या जागेला लहान मुलांची कातडी लागू द्यायची नाही कारण त्यांच्यातही ते जाऊ शकतं. नातवंडं मांडीवर येऊन बसणारी असतील तर याचा विचार करून प्रकार निवडा.

कोरडेपणा, संबंधाच्या वेळी दुखणं, लघवीला सारखं जावंसं वाटणं, वारंवार इन्फेक्शन, फक्त एवढाच त्रास असेल आणि वाफा वगैरे नसतील तर पूर्ण शरीराची एचआरटी लागतच नाही. योनीमार्गात घालायची इस्ट्रोजेनची क्रीम किंवा छोटी गोळी असते, साधारण दोन आठवडे रोज रात्री आणि मग आठवड्यातून दोनदा. रक्तात अगदी नगण्य जातं, त्यामुळे सोबत प्रोजेस्टेरॉन सहसा लागत नाही. बायका याबद्दल बोलायला लाजतात आणि वर्षानुवर्षं सहन करतात, आणि हे आपोआप बरं होणारं नाही बरं का, वाफा कधीतरी थांबतात पण कोरडेपणा वाढतच जातो. ब्रेस्ट कॅन्सर होऊन गेला असेल तर मात्र हे पण कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारूनच.

चौथा प्रश्न, प्रोजेस्टेरॉन कोणतं? पिशवी काढलेल्यांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल. बाकीच्यांनी नीट वाचा, कारण मूड जाणं, पोट फुगणं, छाती जड होणं, "मी माझ्यात नाहीये" असं वाटणं, यात बऱ्याचदा दोषी हेच असतं आणि शिव्या इस्ट्रोजेन खातं. मायक्रोनाइज्ड प्रोजेस्टेरॉन हे आपल्या शरीरातल्यासारखंच असतं, रोजच्या पद्धतीत सहसा १०० मिलिग्रॅम, सायकल पद्धतीत २०० मिलिग्रॅम १२-१४ दिवस. रात्रीच घ्यायचं, कारण झोप येते, आणि ज्यांची झोप उडालेली आहे त्यांना हा साइड इफेक्ट म्हणजे बोनसच. काही कंपन्यांच्या कॅप्सूलमधे शेंगदाण्याचं तेल असतं, ॲलर्जी असेल तर पाकीट वाचा. डायड्रोजेस्टेरॉन हा दुसरा प्रकार, सुस्ती कमी आणि बऱ्याच जणींना सोसतो. नॉरएथिस्टेरॉन अस्तरावर दणकट काम करतं, ब्लीडिंग आवरतं, पण काहींना मुरमं आणि चिडचिड. मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन जुनं, खाली ज्या अभ्यासाबद्दल लिहिलंय त्यात हेच वापरलं होतं. आणि पाचवा पर्याय, ५२ मिलिग्रॅम लेव्होनॉरजेस्ट्रेलची हार्मोनवाली कॉपर-टीसारखी वस्तू, गर्भपिशवीत बसवतात आणि पाच वर्षं अस्तर सांभाळते. ज्यांना पाळी जाताजाता धो-धो ब्लीडिंग होतंय त्यांच्यासाठी तर एका दगडात दोन पक्षी. बसवताना दुखतं मात्र, "थोडंसं टोचेल" यावर विश्वास ठेवू नका, आधी पेनकिलर घेऊ का ते विचारा.

टिबोलोन नावाची एक वेगळी गोळी पण असते, २.५ मिलिग्रॅम, एकटीच इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन आणि टेस्टोस्टेरॉन या तीनही हार्मोनसारखं थोडंथोडं काम करते. संबंधाची इच्छा कमी झालेल्यांना बरी वाटते. पाळी जाऊन वर्ष झाल्यावरच सुरू करतात, वय साठीच्या पुढे असेल तर स्ट्रोकचा धोका वाढतो, आणि ब्रेस्ट कॅन्सर होऊन गेलेल्यांनी घ्यायची नाही.

आता ती कॅन्सरची भीती. २००२ च्या जुलैमधे अमेरिकेतला डब्ल्यूएचआय नावाचा मोठा अभ्यास मधेच थांबवला गेला आणि जगभर बायकांनी गोळ्या टाकून दिल्या. त्यात १६,६०८ बायका होत्या, वयाची सरासरी ६३, म्हणजे बहुतेकींची पाळी जाऊन दहा-बारा वर्षं झालेली. औषध होतं प्रेग्नंट घोड्यांच्या लघवीतून काढलेलं इस्ट्रोजेन (हो, खरंच) आणि ते वरचं मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन, दोन्ही गोळीतून. वर्षाला १०,००० बायकांमागे ब्रेस्ट कॅन्सर न घेणाऱ्यांत ३० आणि घेणाऱ्यांत ३८. म्हणजे ८ जास्त. स्ट्रोक पण ८ जास्त, फुफ्फुसातली गुठळी ८ जास्त, आणि खुब्याचं फ्रॅक्चर ५ कमी, आतड्याचा कॅन्सर ६ कमी. बातम्यांत मात्र "२६ टक्के वाढ" असंच आलं, आणि ते खोटं नव्हतं, पण ३० चे ३८ होणं आणि २६ टक्के ऐकणं यात पोटात येणारा गोळा वेगळा असतो. त्याच अभ्यासात पिशवी काढलेल्या १०,७३९ बायकांना नुसतं इस्ट्रोजेन दिलं होतं, ते २००४ मधे स्ट्रोकमुळे थांबवलं, पण त्यांच्यात ब्रेस्ट कॅन्सर वाढला नाही, उलट कमीच दिसला.

म्हणजे काहीच धोका नाही असंही नाही हं. २०१९ मधे लॅन्सेट या वैद्यकीय मासिकात जगभरचे अभ्यास एकत्र करून हिशोब आला की पन्नाशीला सुरू करून ५ वर्षं घेतली तर पुढच्या काळात, इस्ट्रोजेनसोबत रोज प्रोजेस्टेरॉनसारखं औषध घेणाऱ्या दर ५० बायकांमागे १ जादा ब्रेस्ट कॅन्सर, अधूनमधून घेणाऱ्यांत दर ७० मागे १, आणि नुसतं इस्ट्रोजेन घेणाऱ्यांत दर २०० मागे १. दोन्ही अभ्यास इस्ट्रोजेनबद्दल एकमेकांशी जुळत नाहीत हे तुम्हाला दिसलंच असेल, तज्ज्ञांचं पण त्यावर एकमत नाही. मायक्रोनाइज्ड प्रोजेस्टेरॉनचा धोका कमी असावा असं फ्रान्सच्या आकड्यांवरून वाटतं. सध्या साधारण जे धरून चालतात ते असं की वय साठीच्या आत आहे किंवा पाळी जाऊन दहा वर्षं झाली नाहीत, आणि त्रास खरोखर आहे, तर बहुतेक बायकांना फायद्याचं पारडं जड. पाळी चाळिशीच्या आतच गेली असेल तर गोष्टच वेगळी, तिथे काही मनाई नसेल तर न घेण्यानेच हाडांचं आणि हृदयाचं नुकसान होतं म्हणून निदान नेहमीच्या वयापर्यंत घ्यायला सांगतात. २०२५ च्या नोव्हेंबरमधे अमेरिकेच्या एफडीएने (औषधांना मंजुरी देणारी सरकारी संस्था) पाकिटावरचे हृदय, ब्रेस्ट कॅन्सर आणि डिमेंशियाबद्दलचे (स्मृतिभ्रंश) काळ्या चौकटीतले इशारे काढायचं जाहीर केलं, पण एकट्या इस्ट्रोजेनने अस्तराचा कॅन्सर होतो हा इशारा ठेवला. पहिला प्रश्न पहिला का आहे ते आता कळलं असेल.

ब्रेस्ट कॅन्सर झालेला आहे, कारण न कळलेलं ब्लीडिंग चालू आहे, लिव्हरचा चालू आजार आहे, नुकताच हार्ट अटॅक किंवा स्ट्रोक येऊन गेलाय, गुठळी झालेली आहे, यातलं काही असेल तर स्वतःहून काहीही सुरू करायचं नाही. मैत्रिणीचा उरलेला पॅच तर नाहीच नाही.

सुरू केल्यावर साइड इफेक्ट कसे ओळखायचे? वही घ्या, मोबाइलमधलं नाही, साधी वही, कारण रात्री तीनला घामाने उठल्यावर स्क्रीन बघितली की उरलीसुरली झोप जाते. रोज एक ओळ. माझ्या वहीतल्या अशा होत्या: "मंगळवार, वाफा ४, झोप ५ तास, छाती दुखरी, नवा पॅच." "शुक्रवार, वाफा १, डोकं दुखलं, रडू आलं उगाच, प्रोजेस्टेरॉन दिवस ३." सहा आठवडे झाले की आपोआप दिसतं. छाती ठणकणं, मळमळ, पायात गोळे, डोकेदुखी सगळे दिवस सारखीच असेल तर बहुधा इस्ट्रोजेन जास्त होतंय, डोस कमी करून बघतात. फक्त प्रोजेस्टेरॉनच्या दिवसांत पोट फुगतंय, मूड खड्ड्यात जातोय, तर प्रोजेस्टेरॉनचा प्रकार बदलून मागा. पॅच बदलायच्या आदल्या दिवशी वाफा परत येत असतील तर डोस पुरत नाहीये किंवा पॅच नीट चिकटत नाहीये. माझी वही बघून डॉक्टरांनी दोन मिनिटांत गोळी बदलली, आधीच्या तीन भेटींत जे झालं नव्हतं.

पण सहा आठवड्यांत लगेच निकाल लावू नका, बारीकसारीक त्रास बहुतेक तीन महिन्यांत बसतो, म्हणूनच पहिली तपासणी तीन महिन्यांनी ठेवतात आणि मग वर्षातून एकदा. सुरुवातीचं स्पॉटिंग तीन ते सहा महिने चालू शकतं. त्यानंतर चालू राहिलं, किंवा पूर्ण थांबून मग परत आलं, तर सोनोग्राफी करून घ्याच, "हार्मोनचंच असेल" म्हणून बसू नका. आणि एक पोटरी सुजली, दुखतेय, गरम लागतेय, अचानक दम लागतोय, छातीत दुखतंय, बोलणं अडखळतंय, एका डोळ्याला दिसेनासं झालंय, तर वही बाजूला ठेवा आणि सरळ इमर्जन्सीला जा, आणि तिथे सांगा की मी हार्मोन घेते. हे सांगायलाच लोक विसरतात.

वजनाचं विचारतात सगळ्या. या वयात वजन एचआरटी घेतली तरी वाढतं, नाही घेतली तरी वाढतं, हार्मोनमुळेच वाढतं असं अभ्यासांत दिसलेलं नाही. सुरुवातीला अंगात पाणी धरल्यासारखं वाटतं ते मात्र खरं.

ज्यांना हार्मोन चालणारच नाहीत त्यांनी हात टेकायची गरज नाही. काही डिप्रेशनच्या गोळ्या कमी डोसमधे वाफांवर काम करतात, व्हेन्लाफॅक्सिन वगैरे, रात्रीच्या त्रासाला गॅबापेंटिन देतात. टॅमॉक्सिफेन (ब्रेस्ट कॅन्सरचं औषध) चालू असेल तर या डिप्रेशनच्या गोळ्यांतली पॅरोक्सेटिन नको, ते टॅमॉक्सिफेनचं काम कमी करतं, हे आवर्जून सांगा. फेझोलिनेटंट नावाची नवी गोळी २०२३ मधे अमेरिकेत आली, ती मेंदूतल्या उष्णता सांभाळणाऱ्या केंद्रावर काम करते, पण लिव्हरच्या तपासण्या कराव्या लागतात. "नैसर्गिक" म्हणून खास बनवून मिळणारी हार्मोन मिश्रणं आणि कातडीखाली बसवायच्या गोळ्या यांच्यापासून मात्र लांब राहा, त्यात नेमकं किती आहे याची खात्री नसते आणि एकदा आत गेलेली गोळी काही आवडली नाही म्हणून बाहेर काढता येत नाही.

बंद कधी करायचं याला ठरलेलं वय नाही. वाफा सरासरी सातेक वर्षं टिकतात, त्यामुळे दोन वर्षांनी सोडून बघितलं आणि सगळं परत आलं तर तुमचं काही चुकलं असं नाही, अजून दिवस भरले नव्हते एवढंच. मी सोडली होती ती एका झटक्यात, आणि पंधराव्या रात्री उशी उलटून उलटून दोन्ही बाजू ओल्या झाल्यावर परत पॅच चिकटवला. आता पुढच्या वर्षी डॉक्टर म्हणाल्यात की छोटा पॅच, मग त्याहून छोटा, असं उतरवत नेऊ आणि वही चालूच ठेवायची.